हवेची उशी: ओझूचा ‘टोकियो स्टोरी’ बघताना

ओनोमिची हे जपानच्या पश्चिम भागातलं, सेतो समुद्राच्या काठचं बंदरगाव. उन्हाळ्याचे दिवस आहेत. एका घरात म्हातारा नवरा आणि बायको जमिनीवर शेजारी शेजारी बसून प्रवासाची बांधाबांध करतायत. मुलांना भेटायला ते टोकियोला निघालेत. आजोबा रेल्वेचं वेळापत्रक बघतायत. त्यांना हवेची उशी सापडत नाही. ती तुझ्याकडे दिली होती, असं ते बायकोला सांगतात. आजी म्हणतात, माझ्याकडे नाही, तुमच्याकडेच असेल. आजोबा पुन्हा तेच सांगतात. थोड्या वेळाने उशी आजोबांच्याच सामानात निघते. सापडली, एवढंच ते म्हणतात. आजी काही बोलत नाहीत. खिडकीबाहेरून जाणारी शेजारीण थांबते, चौकशी करते आणि म्हणते की इतकी कर्तबगार मुलं आहेत, नशीबवान आहात.

१९५३ साली प्रदर्शित झालेल्या यासुजिरो ओझूच्या ‘टोकियो स्टोरी’ची ही सुरुवात. गोष्टीच्या दृष्टीने त्या उशीला काही अर्थ नाही. ती पुढे कुठे उपयोगी पडत नाही, तिच्यावरून भांडण होत नाही. पण तेवढ्या एका मिनिटात चाळीसएक वर्षांचा संसार समोर येतो. नवऱ्याचा किंचित हेकेखोर स्वभाव, बायकोची सवयीने आलेली समजूत, एकमेकांवर चिडायची गरजच उरलेली नाही असं ते सहजीवन. पुढे चित्रपटाच्या शेवटी आजोबा त्याच खोलीत, त्याच जागी बसलेले दिसतात. शेजारची जागा रिकामी असते. शेजारीण पुन्हा खिडकीत येते. तेव्हा ती उशी आठवते, आणि काय हरवलंय ते कळतं.

मी हा चित्रपट पहिल्यांदा पाहिला तेव्हा पंचविशीत होतो. पुण्यातल्या एका फिल्म क्लबात, लोखंडी खुर्चीवर बसून. अर्ध्या तासाने चुळबुळ सुरू झाली. मध्येच उठून मी चहा प्यायला बाहेर गेलो. परत आलो तेव्हा पडद्यावर आजी अंथरुणाला खिळल्या होत्या आणि माझ्या मनाला त्याचं काहीच वाटलं नाही. दुसऱ्यांदा पाहिला तो पंधरा-सोळा वर्षांनी. मधल्या काळात माझे आईवडील मुंबईतल्या माझ्या दोन खोल्यांत आठ दिवस राहून गेले होते आणि त्या आठ दिवसांत मी त्यांना एकदाच, रविवारी, बाहेर नेलं होतं. या वेळी मी जागचा हललो नाही. चित्रपट तोच होता. फरक माझ्या वयाचा होता हे खरंच, पण तेवढंच नव्हतं. दरम्यान मी बघायला थोडंफार शिकलो होतो. ‘काही घडतच नाही’ अशी ज्यांच्याबद्दल तक्रार होते, ते चित्रपट कसे बघायचे याबद्दल मला जे उमगलं ते या एका चित्रपटाच्या आधाराने सांगावंसं वाटतं. जगभरातल्या समीक्षकांचे सिद्धांत वाचण्याआधी एक चित्रपट नीट बघितलेला बरा.

गोष्ट चार ओळींची आहे. शुकिची आणि तोमी हिरायामा हे वृद्ध जोडपं टोकियोत राहणाऱ्या थोरल्या मुलाकडे आणि मुलीकडे येतं. मुलगा कोइची उपनगरात लहान मुलांचा डॉक्टर आहे, मुलगी शिगे ब्यूटी पार्लर चालवते. दोघांनाही वेळ नाही. युद्धात गेलेल्या मधल्या मुलाची विधवा, नोरिको, तेवढी एक दिवस रजा काढून सासूसासऱ्यांना शहर दाखवते. मग मुलं पैसे काढून दोघांना आतामीच्या गरम पाण्याच्या झऱ्यांवर पाठवून देतात. तिथल्या स्वस्त हॉटेलात रात्रभर गोंगाट, म्हणून ती लवकर परततात. गावी जाताना आजींना बरं वाटेनासं होतं, घरी पोचल्यावर त्या जातात. मुलं येतात, अंत्यसंस्कार होतात, मुलं जातात.

आता या गोष्टीतलं काय ओझू दाखवत नाही ते बघा. ओनोमिचीच्या घरातून चित्र थेट टोकियोच्या धुराड्यांवर जातं. इतक्या लांबचा प्रवास, गाडी, स्टेशनवरची भेट, काहीच दिसत नाही. परतीच्या वाटेवर आजी गाडीत आजारी पडतात आणि दोघांना ओसाकाला धाकट्या मुलाकडे उतरावं लागतं. हा तर कोणत्याही पटकथेतला महत्त्वाचा प्रसंग. आपल्याकडे इथे डबा हलला असता, पाण्याचा पेला खाली पडला असता, आजोबांनी मदतीसाठी हाक मारली असती. ओझू आपल्याला हे कळवतो ते रेल्वेत नोकरीला असलेला धाकटा मुलगा केइझो ऑफिसातल्या सहकाऱ्याशी गप्पा मारतो तेव्हा. अचानक येऊन पडले, उसनी गाद्या-पांघरुणं आणावी लागली, धावपळ झाली, अशा सुरात तो सांगतो. म्हणजे आईचं आजारपण मुलाच्या गैरसोयीच्या रूपात आपल्यापर्यंत येतं. गाडीतला प्रसंग दाखवला असता तर आपल्याला आजींची दया आली असती. आता आपण त्या मुलाच्या जागी जाऊन बसतो, आणि ती जागा आपल्या ओळखीची असते.

प्रसंगाच्या मध्यभागाला बगल देऊन त्याच्या कडा दाखवायच्या, ही ओझूची मुख्य रीत आहे. ‘लेट स्प्रिंग’ या १९४९ च्या त्याच्या चित्रपटात सगळी गोष्ट मुलीच्या लग्नाभोवती फिरते, पण लग्न दिसत नाही, नवरामुलगासुद्धा एकदाही दिसत नाही. अशा जागा आल्या की प्रेक्षकाच्या मनात आपोआप काम सुरू होतं. कीर्तनकार आख्यानात मध्येच थांबतो आणि पुढचं श्रोत्यांच्या मनात पूर्ण होतं, तसंच हे. फक्त तिथे आपल्याला गोष्ट आधीच माहीत असते. ओझूकडे माहीत असते ती फक्त माणसं.

आता कॅमेऱ्याकडे येऊ. ओझूच्या चित्रपटात तो अतिशय खाली असतो, जमिनीपासून दोन-तीन फुटांवर. युहारु आत्सुता हा त्याचा नेहमीचा छायालेखक. या उंचीसाठी त्यांनी खास बुटका स्टँड बनवून घेतला होता. जपानी घरात जमिनीवर तातामी असतात, म्हणजे भाताच्या पेंढ्याच्या जाड चटया, वरून गवताने विणलेल्या. माणसं त्यावरच बसतात, जेवतात, झोपतात. कॅमेराही त्या माणसांच्या पातळीवर, किंवा त्याहून थोडा खालीच ठेवलेला. खुर्च्या-टेबलांत वाढलेल्या परदेशी समीक्षकांनी या उंचीवर पानंच्या पानं लिहिली आहेत. ज्या मराठी वाचकाचं बालपण आजोळच्या माजघरात सतरंजीवर बसून गेलंय, त्याला हे फार समजावून सांगायला नको. जमिनीवर बसलेल्याला खोली कशी दिसते हे त्याला ठाऊक आहे. उंबऱ्यातून आत येणारा माणूस उंच दिसतो आणि तो खाली बसला की मगच आपल्यातला होतो. उभी माणसं बाहेरची, बसलेली घरातली. ‘टोकियो स्टोरी’त मुलगी शिगे सतत उभी आहे, येते-जाते आहे, आणि आईवडील बसलेले आहेत. हे लक्षात आलं की अर्धा चित्रपट संवादांशिवाय कळू लागतो.

एवढ्या खालून चित्रण केलं की वरचं छत दिसायला लागतं, म्हणून स्टुडिओतल्या सेटला छतं करावी लागत. ओझू बहुतेक वेळा ५० मिलिमीटरची एकच लेन्स वापरायचा. ती फार रुंदही दाखवत नाही आणि दूरचं जवळही ओढत नाही. चित्र हळूहळू काळं होत जाणं, एका दृश्यात दुसरं विरघळणं, या सगळ्या युक्त्या त्याने उत्तरकाळात सोडून दिल्या होत्या. एक दृश्य संपलं की सरळ दुसरं. कॅमेराही जागचा हलत नाही. ‘टोकियो स्टोरी’ १३६ मिनिटांचा आहे आणि त्यात एक ठळक अपवाद आहे: टोकियोतल्या उएनोला एका भिंतीच्या कडेने कॅमेरा सावकाश सरकत जातो आणि बसलेले आजी-आजोबा दृष्टीस पडतात. त्या दिवशी शिगेच्या घरी तिच्या व्यवसायातल्या बायकांची बैठक आहे, म्हणून दोघांना रात्रीपुरती दुसरीकडे सोय बघायची आहे. आपण आता खरोखर बेघर झालो, असं ते हसत म्हणतात. सबंध चित्रपटात त्या दोघांना कुणाच्या घरात बसायला जागा उरत नाही तो हा एकच क्षण, आणि नेमका तेव्हाच कॅमेरा आपली जागा सोडतो. ओझूने हे ठरवून केलं असेल असं मला वाटतं. अर्थात सिद्ध करता येणार नाही.

त्याहून चमत्कारिक गोष्ट नजरेची आहे. दोन माणसं बोलत असताना त्यांच्यामध्ये एक काल्पनिक रेषा आहे असं धरायचं आणि कॅमेरा त्या रेषेच्या एकाच बाजूला ठेवायचा, हा चित्रपट बनवायला शिकताना पहिल्या काही दिवसांतच कानावर पडणारा नियम आहे. त्यामुळे एक उजवीकडे बघतो, दुसरा डावीकडे, आणि ते एकमेकांकडे बघतायत असं वाटतं. ओझू ही रेषा खुशाल ओलांडतो. त्याची दोन्ही माणसं जवळजवळ समोर, लेन्सच्या किंचित बाजूला बघून बोलतात. सुरुवातीला हे विचित्र वाटतं, कुणीतरी कुठेतरी चुकलंय असं वाटतं. पंधरा मिनिटांनी सवय होते. मग असं जाणवतं की आजी बोलतात तेव्हा आपण आजोबांच्या जागी आहोत, आणि आजोबा बोलतात तेव्हा आजींच्या. नियम त्याला माहीत नव्हता असं मुळीच नाही. तरुणपणी त्याने अमेरिकन चित्रपट मनसोक्त बघितले होते, १९२३ मध्ये शोचिकु स्टुडिओत कॅमेऱ्याचा सहायक म्हणून तो कामाला लागला होता, आणि मूकपटांच्या काळात त्याने हाणामारीचे आणि विनोदी चित्रपटही केले. एकेक गोष्ट गाळत गाळत तो इथवर पोचला.

दोन प्रसंगांच्या मध्ये ओझू काही रिकामी चित्रं ठेवतो. धुराडी, वाळत घातलेले कपडे, स्टेशन, रिकामा बोळ, धक्क्याला लागलेल्या होड्या. त्यात गोष्टीतलं कुणी नसतं. समीक्षकांनी या चित्रांना वेगवेगळी नावं दिली, कुणी त्यांत झेन तत्त्वज्ञान पाहिलं. मला तत्त्वज्ञानापेक्षा त्यांचा उपयोग जास्त दिसतो. गाण्यात दोन ताना झाल्यावर गवई षड्जावर येऊन क्षणभर थांबतो, तेवढा तो थांबा. आधीच्या प्रसंगातलं जे मनात घोळतंय त्याला तिथे जागा मिळते.

ही रीत सर्वांत खोल जाते ती आजींच्या मृत्यूच्या वेळी. रात्र आहे. मुलं अंथरुणाभोवती बसली आहेत. डॉक्टर मुलगा सांगतो की आई बहुतेक सकाळपर्यंतच. मग चित्रपट घराबाहेर जातो. पहाटेचा धक्का, बंदर, रूळ, शांत गाव, कुठेही माणूस नाही. परत घरात येतो तेव्हा आजींच्या चेहऱ्यावर पांढरं फडकं आहे. प्राण गेला तो क्षण त्या रिकाम्या धक्क्यावर कुठेतरी निघून गेला. धाकटा मुलगा उशिरा पोचतो. वडील कुठे आहेत, असं विचारल्यावर नोरिको त्यांना शोधायला बाहेर जाते. आजोबा घरामागच्या उंचवट्यावर समुद्राकडे तोंड करून उभे आहेत. केइझो आलाय, असं ती सांगते. ते म्हणतात की पहाट फार सुंदर झाली होती, आजही उकडणार. आणि घराकडे चालू लागतात.

मी पाहिलेल्या चित्रपटांत शोकाचा याहून मोठा प्रसंग मला माहीत नाही. त्या वाक्यात बायकोचा उल्लेख नाही, डोळ्यांत पाणी नाही, संगीतही नाही. आपल्याकडे म्हातारी माणसं अशा वेळी गुरांना पाणी दाखवलं का असं विचारतात, दिवा लावायला सांगतात, किंवा अंगणातला पाला गोळा करू लागतात. ज्याने घरात असा मृत्यू पाहिलाय त्याला हे वाक्य परकं वाटणार नाही.

‘टोकियो स्टोरी’ला आईबापांना टाकणाऱ्या मुलांचा चित्रपट म्हटलं जातं. मला ते पटत नाही. हा विषय आपल्याला चांगला ठाऊक आहे. राजा परांजपे यांचा ‘ऊन पाऊस’ १९५४ सालचा, म्हणजे ओझूच्या चित्रपटानंतर वर्षभरातच आलेला, आणि त्यातही म्हातारपणी आईबापांची परवड होते. १९७० साली कुसुमाग्रजांचं ‘नटसम्राट’ रंगभूमीवर आलं आणि अप्पा बेलवलकर घरोघरी पोचले. तिथे अन्याय उघड आहे, चोरीचा आळ आहे, बापाचा आक्रोश आहे, आणि तो आक्रोश आपला वाटतो म्हणूनच ते नाटक इतकी वर्षं टिकलं. ओझूकडे मात्र कुणी कुणाला हाकलत नाही. डॉक्टर मुलगा रविवारी वडिलांना फिरायला न्यायला तयार होऊन बसलाय, तेवढ्यात कुणाचं तरी मूल जास्त आजारी झाल्याचा निरोप येतो. जावई सासूसासऱ्यांसाठी महागाचा खाऊ घेऊन येतो. शिगे त्याला म्हणते की इतकं महाग कशाला, आणि स्वतः त्यातलं तोंडात टाकते. आतामीला पाठवण्याचा खर्चही दोघं भाऊबहीण मिळून करतात, आणि त्यांना मनापासून वाटतं की म्हाताऱ्यांची चैन झाली.

यात कायद्याचाही एक धागा आहे, जो परदेशी प्रेक्षकाच्या लक्षात येत नाही. युद्धाआधीच्या जपानमध्ये घराणं ही कायद्याने मानलेली संस्था होती. घराचा कर्ता, थोरल्या मुलाचा वारसा, आईवडिलांची जबाबदारी हे सगळं त्यात बांधलेलं होतं. पराभवानंतर, अमेरिकी ताब्याच्या काळात, नवी राज्यघटना आली आणि १९४८ पासून नव्या नागरी कायद्याने ही घराण्याची व्यवस्था मोडीत काढली. स्त्रियांच्या दृष्टीने ती मोठी सुटका होती. पण १९५३ मध्ये साठी ओलांडलेल्या आईबापांना जुना नियम अंगवळणी होता आणि चाळिशीतल्या मुलांना नव्या शहरात पोट भरायचं होतं. अवघ्या आठ वर्षांपूर्वी टोकियो जळून गेलं होतं. कोइचीचा दवाखाना आणि शिगेचं पार्लर त्या राखेतून उभं राहिलेलं आहे. त्यांच्याकडे वेळ नाही असं म्हणताना हेही ध्यानात घ्यायला हवं.

म्हणूनच शिगे हे पात्र मला इतकं मोलाचं वाटतं. पार्लरमधल्या गिऱ्हाईकाने हे कोण, असं विचारल्यावर ती आपल्या आईवडिलांची ओळख गावाकडची माणसं अशी करून देते. आई अत्यवस्थ असल्याची तार येते तेव्हा, सुतकाचे कपडे बरोबर घ्यावेत का, असं तीच विचारते आणि घ्यायचं ठरवते. आई गेल्यावर सगळ्यांत मोठ्याने रडते तीही शिगेच. आणि दिवसकार्यानंतर जेवताना, आईचा अमुक कमरपट्टा आणि तमुक किमोनो मला हवा, असं बोलून दाखवणारीही तीच. रडणं खोटं नव्हतं. मागणंही खोटं नव्हतं. हारुको सुगिमुरा ही रंगभूमीवरची मोठी अभिनेत्री होती आणि या दोन्ही गोष्टी एकाच बाईच्या कशा असू शकतात ते तिने दाखवलं. आपल्या प्रत्येकाच्या नात्यात अशी एक शिगे आहे, कामसू, तोंडाळ, हिशेबी, आणि अडीअडचणीला पहिली धावून येणारी.

दुसऱ्या टोकाला नोरिको. ही भूमिका केली सेत्सुको हाराने, जपानी प्रेक्षकांच्या अत्यंत लाडक्या नटीने. नवरा शोजी युद्धात गेल्याला आठ वर्षं झाली आहेत. तिच्या एका खोलीत त्याचा फोटो आहे. सासूसासरे येतात तेव्हा ती शेजारणीकडून साके उसनी आणते. शिगेच्या घरी जागा नसते त्या रात्री सासू नोरिकोकडे राहायला येतात आणि तिला सांगतात की तू दुसरं लग्न कर. दिवा मालवल्यावर अंधारात त्या रडतात. शेवटी सासरे तिला सासूचं जुनं घड्याळ देतात आणि म्हणतात की पोटच्या मुलांपेक्षा तूच आमचं जास्त केलंस. तेव्हा नोरिको जे बोलते तिथे हा चित्रपट साध्या चांगुलपणाच्या गोष्टीपेक्षा फार उंच जातो. मी तितकी चांगली नाही, असं ती सांगते. हल्ली अनेक दिवस असे जातात की शोजीची आठवणही येत नाही, आणि रात्री असं वाटतं की काहीतरी घडावं, आयुष्य असंच संपून जाईल की काय. सबंध चित्रपटभर हसऱ्या दिसलेल्या चेहऱ्यामागे हे होतं. म्हणजे मुलं वाईट आणि सून चांगली, असा आपण मनात केलेला निवाडा ती स्वतःच मोडून काढते.

त्याआधी, घरी राहणारी सर्वांत धाकटी मुलगी क्योको भावंडांच्या स्वार्थावर संतापते. नोरिको तिला समजावते की मुलं मोठी झाली की आईवडिलांपासून दूर जातातच, प्रत्येकाला आपला संसार असतो, मीही तशी होईन. आयुष्य निराशच करतं ना, असं क्योको विचारते, आणि नोरिको हसून हो म्हणते. हे हसू समजायला मला तीनदा चित्रपट बघावा लागला.

ओझूला युद्ध ठाऊक होतं. १९३७ ते १९३९ या काळात तो सैनिक म्हणून चीनमध्ये होता. १९४३ मध्ये त्याला सिंगापूरला पाठवण्यात आलं. तिथे आझाद हिंदच्या लढ्यावर एक चित्रपट करायची योजना होती. ती पुरी झाली नाही. युद्ध उलटत चाललं होतं, आणि तो जप्त केलेले अमेरिकन चित्रपट बघत राहिला, ‘सिटिझन केन’ही त्याने तिथेच पाहिला. १९४६ मध्ये मायदेशी परतला. त्यानंतरच्या त्याच्या चित्रपटांत बंदुका नाहीत, फक्त न परतलेली माणसं आहेत. ‘टोकियो स्टोरी’त आजोबा जुन्या मित्रांबरोबर दारू प्यायला बसतात तेव्हा त्यातल्या एकाचे मुलगे युद्धात गेलेले असतात. मुलं गमावणं कठीण, पण हयात असलेल्या मुलांबरोबर राहणंही सोपं नाही, असं ते एकमेकांना सांगतात.

ओझूने पटकथा लिहिली ती आपला जुना सोबती कोगो नोदा याच्याबरोबर, समुद्रकाठच्या चिगासाकी गावातल्या एका खाणावळवजा हॉटेलात राहून. लिहायला सुमारे १०० दिवस लागले. लेओ मॅक्केरीचा ‘मेक वे फॉर टुमॉरो’ हा १९३७ चा अमेरिकन चित्रपट नोदाने पाहिला होता आणि मूळ कल्पना तिथली. आजोबांचं काम करणारा चिशू र्‍यू तेव्हा जेमतेम ४९ वर्षांचा होता. त्याच्या थोरल्या मुलाचं काम करणारा सो यामामुरा त्याच्यापेक्षा सहाच वर्षांनी लहान. हे माहीत असूनही पडद्यावर बघताना विश्वास बसत नाही. वाकलेली पाठ, बसताना हातांची ठेवण, प्रत्येक वाक्याआधीचा तो हुंकार. नटाने अभिनय करू नये असा ओझूचा आग्रह असे. एकेका प्रसंगाचे तो इतके टेक घेई की ठरवून केलेला हावभाव झिजून जाई. चहाचा कप टेबलावर कुठे असावा हे तो कॅमेऱ्यातून बघून ठरवी, आणि पुढच्या शॉटमध्ये चित्र चांगलं दिसावं म्हणून तो कप सरकवतही असे, जागा चुकली तरी हरकत नाही म्हणून.

१९५१ मध्ये व्हेनिसला कुरोसावाच्या ‘राशोमोन’ला सर्वोच्च पुरस्कार मिळाला आणि जगाचं जपानी चित्रपटाकडे लक्ष गेलं. पण ओझूचे चित्रपट फारच जपानी आहेत, परदेशात कुणाला कळणार नाहीत, असं खुद्द जपानमध्येच मानलं जाई. लंडनमध्ये १९५८ साली ‘टोकियो स्टोरी’ला सदरलँड ट्रॉफी मिळाली. अमेरिकेत तो रीतसर प्रदर्शित झाला १९७२ मध्ये. तोवर ओझू जाऊन आठ वर्षं उलटली होती. १२ डिसेंबर १९६३ रोजी, साठाव्या वाढदिवशी, कर्करोगाने तो गेला. लग्न केलं नव्हतं, आई असेपर्यंत आईबरोबर राहिला. २०१२ मध्ये ‘साइट अँड साउंड’ या ब्रिटिश मासिकाने जगभरच्या दिग्दर्शकांना सर्वोत्तम चित्रपट निवडायला सांगितले, तेव्हा पहिला क्रमांक या फारच जपानी चित्रपटाला मिळाला.

परदेशी चित्रपट म्हटला की आपण त्यातलं परकं शोधत बसतो. तातामी, किमोनो, साके, वाकून केलेले नमस्कार. ते बघावं, त्यात गंमत आहे. पण ओझूला बघताना मला उलट अनुभव येतो. नातवाला घेऊन आजी बंधाऱ्यावर जातात, तो गवत उपटत खेळतोय. मोठा होऊन काय होणार, बाबांसारखा डॉक्टर होणार का, असं त्या विचारतात. मग स्वतःशीच म्हणतात की तू डॉक्टर होशील तेव्हा मी असेन का? पोराचं लक्ष नाही. कॅमेरा लांब उभा आहे. कोकणातल्या, विदर्भातल्या कुठल्याही आजीने नातवाला हे विचारलेलं आहे. तिथे मला उपशीर्षकं वाचायची गरज पडली नाही.

ज्यांनी ओझू पाहिलेला नाही त्यांना माझं सांगणं इतकंच आहे. तुकड्यातुकड्यांनी बघू नका. सव्वादोन तास सलग काढा, फोन दुसऱ्या खोलीत ठेवा, आणि पहिली वीस मिनिटं काही घडत नाही म्हणून उठू नका, कारण त्याच वीस मिनिटांत कोण कुठे बसतं, कोण कुणाला काय विचारतं आणि कोण उत्तर देत नाही हे सगळं ठरून जातं. हातपंख्यांकडे लक्ष द्या. सगळा चित्रपट उकाड्यात घडतो आणि प्रत्येक माणूस वेगळ्या लयीत वारा घेतो. त्यानंतर ‘लेट स्प्रिंग’ बघा. घरात लहान मुलं असतील तर त्यांच्याबरोबर १९५९ चा ‘गुड मॉर्निंग’ बघा, टीव्ही हवा म्हणून मौनव्रत धरणाऱ्या दोन भावांचा रंगीत चित्रपट आहे तो, आणि पोरं खळखळून हसतात. मग काही महिने जाऊ द्या आणि ‘टोकियो स्टोरी’ पुन्हा लावा. या वेळी आजी-आजोबांकडे न बघता शिगेकडे बघा. तिचा राग येणार नाही.